ग्रेटफुल डेडची एकच रात्र, दहा रेकॉर्डिंग: तुलना कशी करायची

ग्रेटफुल डेड हा अमेरिकन रॉक बँड नव्याने ऐकायला लागलेल्या जवळपास प्रत्येकाची गाडी एकाच ठिकाणी अडते. कुणीतरी सांगितलेलं असतं की अमुक तारखेचा कॉन्सर्ट ऐक, तुम्ही इंटरनेट आर्काइव्हवर ती तारीख शोधता आणि समोर त्याच एका रात्रीची आठ-दहा रेकॉर्डिंग येऊन पडतात. एकावर एसबीडी लिहिलंय, दुसऱ्यावर एयूडी, तिसऱ्यावर मॅट्रिक्स, खाली नुसती बाणांची साखळी, आणि प्रत्येकाच्या खाली कुणी ना कुणी लिहिलेलंच आहे की हेच बेस्ट. बरेच जण इथंच कंटाळतात आणि स्टुडिओ अल्बमकडे परत जातात, आणि हा बँड स्टुडिओत अर्धासुद्धा सापडत नाही म्हणून मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

१९६५ ते १९९५ ह्या तीस वर्षांत ह्या लोकांनी साधारण २,३०० कॉन्सर्ट केले, सेटलिस्ट रोज वेगळी, आणि तेच गाणं दोन रात्री सारखं वाजवायचं नाही हा स्वभावच. 'डार्क स्टार' १९६८ मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा पुरतं तीन मिनिटांचंही नव्हतं, आणि २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टला वाजवलेलं, जे 'लाइव्ह/डेड' ह्या अल्बमवर आहे, ते तब्बल २३ मिनिटांचं. त्यात लोक माइक घेऊन यायचे आणि रेकॉर्ड करायचे, आणि बँडने ते होऊ दिलं. ऑक्टोबर १९८४ पासून तर टेपर मंडळींना बसायला वेगळी जागाच दिली. अट एवढीच की टेप एकमेकांना द्या, विकू नका. म्हणून आज एवढा साठा आहे, आणि म्हणूनच एवढा गोंधळही.

मी हे सगळं बरीच वर्षं करतेय, त्यातून जे हाताशी आलं ते क्रमाने लिहिते.

काय काय लागेल

- वायरवाला बरा हेडफोन. ब्लूटूथवर ऐकायला हरकत नाही, पण तुलना करताना नको, तो आवाज स्वतःच दाबून पाठवतो
- कॉम्प्युटर. फोनवर दोन फाइलींमध्ये पटापट उड्या मारता येत नाहीत
- फूबार२००० किंवा ऑडॅसिटी, दोन्ही फुकट आहेत
- फोनवर एखादं गिटार ट्यूनर ॲप
- वही किंवा एक्सेल शीट
- घरात शांतता, निदान अर्धा तास

१. आधी ठरवा, रेकॉर्डिंग तोलताय की वादन

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि नवीन लोक नेमकी हीच सोडतात. तुलना दोन प्रकारची असते. एक, त्याच रात्रीची दोन रेकॉर्डिंग, म्हणजे वादन तेच आणि टेप वेगळी. दुसरी, एकच गाणं दोन वेगळ्या रात्रींचं. ह्या दोन्ही एकदम करायला गेलात की स्वच्छ टेपवरची रात्र आपोआप भारी वाटते आणि खरखरीत टेपवरची रात्र पडेल वाटते, आणि त्या रात्री बँड कसा वाजला हे बाजूलाच राहतं.

८ मे १९७७ चंच बघा. न्यूयॉर्क राज्यातलं इथाका गाव, तिथल्या कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. डेडचा सगळ्यात गाजलेला कॉन्सर्ट. ह्याचं टेपिंग केलं बेटी कँटर-जॅक्सन ह्या बाईंनी, आणि त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे त्या हॉलच्या स्पीकरला जाणारं मिक्स न घेता टेपसाठी स्वतःचं वेगळं मिक्स करायच्या, त्यामुळे त्यांच्या टेप आजही अल्बमसारख्या वाजतात. १९८६ मध्ये त्यांच्या गोदामात पडलेल्या टेपांचा लिलाव झाला, तिथून त्या हळूहळू टेपर लोकांच्या हातात आल्या, कॉपीवर कॉपी निघाली, आणि कॉर्नेल घरोघर पोचलं. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय रेकॉर्डिंग यादीत ते घेतलं आणि २०१७ मध्ये अधिकृत रिलीज आलं. वादन अप्रतिमच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण आदल्या दिवशी, ७ मे ला बोस्टन गार्डन, दुसऱ्या दिवशी, ९ मे ला बफेलो, तोच बँड, तोच फॉर्म. बफेलोची सुरुवात ऐका, 'हेल्प ऑन द वे'पासून 'फ्रँकलिन्स टॉवर'पर्यंतची, आणि मग कॉर्नेलचा पहिला सेट लावा. मला तरी बफेलो सरस वाटतं. कॉर्नेलच्या कीर्तीत बेटीबाईंच्या मिक्सचा वाटा किती आणि त्या रात्रीच्या वाजवण्याचा किती, हा प्रश्न डोक्यात ठेवून ऐकायला लागलात की पुढचं सगळं सोपं जातं.

२. तारीख नीट वाचा

अमेरिकन लोक महिना आधी लिहितात. ५/८/७७ म्हणजे आपल्या हिशोबाने पाच ऑगस्ट, पण तो आहे आठ मे. फाइलींच्या नावात वर्ष-महिना-दिवस असा क्रम असतो तो जास्त भरवशाचा, शोधताना तोच वापरा. दिवस बारापेक्षा मोठा असला तर चूक लगेच कळते, लहान असला तर कळत नाही आणि भलत्याच रात्री जाऊन बसता.

३. सोर्स ओळखा

एसबीडी म्हणजे साउंडबोर्डवरून, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जिथं एकत्र येतात त्या मिक्सरवरून, थेट वायर घेऊन केलेलं रेकॉर्डिंग. गाणं स्वच्छ, वाद्यं सुटी सुटी, टाळ्या लांबून. नवीन माणसाने ह्यानेच सुरुवात करावी. फक्त एक मेख लक्षात ठेवा, की बेटीबाईंसारखे अपवाद सोडले तर हे मिक्स हॉलमधल्या स्पीकरसाठी केलेलं असतं. जे वाद्य स्टेजवरच दणदणीत ऐकू येतंय ते मिक्समध्ये कमी ठेवतात, म्हणून छोट्या हॉलच्या एसबीडीत गायकी कानाशी आणि गिटार कुठंतरी मागे असं होतं. गिटार दबली म्हणून बँडचा मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया त्या दिवशी थंड होता असा निष्कर्ष काढू नका.

एयूडी म्हणजे प्रेक्षकांत माइक उभा करून केलेलं. ह्यात हॉल ऐकू येतो, लोक ऐकू येतात, फिल लेशचा बास अंगावर येतो. सगळं अवलंबून असतं टेपर कुठे उभा होता आणि माइक कुठला होता ह्यावर, म्हणून वर्णनात शॉप्स, नॉयमन, नाकामिची, सेनहायझर अशी माइकची नावं दिसतील. एफओबी लिहिलं असेल तर माइक साउंडबोर्डच्या पुढे होता, म्हणजे स्टेजच्या जवळ. १९८४ नंतरची टेपरांची अधिकृत जागा साउंडबोर्डच्या मागे होती, त्यामुळे त्या काळातलं एफओबी मिळालं तर आवर्जून ऐका.

नवीन लोक एयूडी लावतात, वीस सेकंदांत "शी, काय घुमतंय" म्हणून बंद करतात. असं करू नका. पाच मिनिटं द्या, कान त्या हॉलला सरावतात आणि मग चांगल्या एयूडीत जे मिळतं ते एसबीडीत मिळत नाही, म्हणजे ती रात्र समोर बसून ऐकल्यासारखी वाटते. १९७४ चं उदाहरण घ्या, त्या वर्षी बँड वॉल ऑफ साउंड नावाची प्रचंड स्पीकरची भिंत पाठीमागे उभी करून वाजवायचा, आणि ती भिंत हॉलमध्ये कशी वाजत होती हे कळायला माइक हॉलमध्येच हवा. त्या वर्षी गाणाऱ्यांचा आवाज पातळ वाटतो, त्याला टेपला दोष देऊ नका. भिंतीचा आवाज परत माइकमध्ये येऊ नये म्हणून एकाला दोन माइक उलटे जोडलेले असायचे, त्याचा तो परिणाम.

मॅट्रिक्स म्हणजे एसबीडी आणि एयूडी एकत्र मिसळलेलं. जमलं तर दोन्हीकडचं सुख, फसलं तर त्रास. आवाज स्टेजवरून तीस मीटरवरच्या माइकपर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो, शिवाय दोन टेप मशीन कधीच एका वेगाने फिरत नाहीत, त्यामुळे जुळवणी नीट केली नसेल तर स्नेअर ड्रमचा ठोका डबल ऐकू येतो. मॅट्रिक्स तपासायची म्हणजे आधी स्नेअर ऐका, आणि गाण्याच्या सुरुवातीला नको, शेवटाकडे ऐका, कारण घसरण तिथं दिसते.

एफएम म्हणजे रेडिओवरून घेतलेलं. अशा रात्री थोड्याच आहेत.

४. बाणांची साखळी वाचा

प्रत्येक रेकॉर्डिंगबरोबर एक टेक्स्ट फाइल असते, त्यात टेप कुठून कुठे गेली ते लिहिलेलं असतं, म्हणजे एसबीडी, मग मास्टर रील, मग डॅट (डिजिटल टेप), मग सीडी, मग फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल), असं. ती फाइल उघडल्याशिवाय प्ले दाबायचंच नाही, ही सवय लावून घ्या.

बघायचं काय, तर मध्ये कॅसेट किती वेळा आलीय. प्रत्येक कॅसेट कॉपीमागे हिस, म्हणजे टेपची सळसळ, वाढते आणि वरचा आवाज, झांजा वगैरे, मातीत जातो. साखळीत प्रश्नचिन्ह असेल तर मधला इतिहास कुणालाच माहीत नाही असं समजा. एमपी३ मध्ये कुठे दिसलं तर सोडून द्या, शेवटी फ्लॅक असलं तरी गेलेलं परत येत नाही. डॉल्बीचा, म्हणजे कॅसेटची हिस कमी करणाऱ्या पद्धतीचा, उल्लेखही बघा, डॉल्बी लावून रेकॉर्ड केलेली कॅसेट डॉल्बीशिवाय वाजवून उतरवली असेल तर आवाज चरचरीत येतो आणि उलटं झालं असेल तर गोधडीखालून आल्यासारखा.

साखळी लहान म्हणजे रेकॉर्डिंग चांगलंच, असंही नाही. कधी कधी जुन्या ट्रान्सफरमध्ये हिस असते पण झांजा जिवंत असतात, आणि नव्यात कुणीतरी नॉइज रिडक्शन मारून सगळं गुळगुळीत करून ठेवलेलं असतं. मला हिस चालते, मेलेल्या झांजा चालत नाहीत.

५. सारख्याशी सारखं लावा

हा सापळा फार जणांना पकडतो. आर्काइव्हवर २००५ च्या शेवटापासून डेडच्या एसबीडी फक्त ऑनलाइन ऐकता येतात, डाउनलोड करता येत नाहीत, एयूडी मात्र डाउनलोड होतात. मग लोक काय करतात, एयूडीचं फ्लॅक उतरवतात आणि एसबीडीचा स्ट्रीम लावतात आणि म्हणतात एयूडीत किती खोली आहे. अहो, एक फ्लॅक आहे आणि एक एमपी३ आहे. दोन्ही स्ट्रीमवर ऐका नाहीतर तुलना करू नका.

दुसरं, आवाजाची पातळी. दोनातलं जे जरा मोठ्याने वाजतं तेच आपल्याला चांगलं वाटतं, हा कानाचा धर्म आहे, ह्यातून कुणी सुटत नाही. डाउनलोड केलेल्या फाइली असतील तर फूबारमध्ये रिप्लेगेन चालवून पातळी सारखी करा, स्ट्रीम असेल तर हाताने व्हॉल्यूम जुळवा आणि तेवढा वेळ द्याच. फूबारला एबीएक्स नावाचं जोड-साधन मिळतं, त्यात कुठली फाइल वाजतेय ते लपवून ऐकता येतं. "प्रचंड फरक आहे" असं वाटत होतं त्यातले निम्मे फरक इथं गायब होतात, करून बघा.

ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या आवाजाचं चित्र, बघायची सोय आहे. फ्लॅक म्हणवणाऱ्या फाइलीत १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं सगळं काळं असेल तर आत एमपी३ लपलेलं असण्याची शक्यता मोठी. पण घाई करू नका, एफएमचा आवाज मुळातच १५ किलोहर्ट्झला संपतो आणि जुन्या कॅसेटचाही वरचा भाग हळूहळू विरत जातो, त्यामुळे आधी साखळी बघा आणि मग आरोप करा.

६. टेपचा वेग तपासा

कॅसेट डेक आणि बॅटरीवर चालणारी रेकॉर्डर कधी जोरात फिरतात, कधी रेंगाळतात. टेप ६ टक्के जोरात गेली की पट्टी चढते, पांढरी एकचं काळी एक होतं, आणि गाणं उगाच उत्साही वाटायला लागतं. ३ टक्क्यांना त्याच्या निम्मा फरक, तोही जाणकार कानाला खटकतो. बँड त्या रात्री तडफदार होता असं वाटतं आणि असतो मोटरचा प्रताप.

तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये एकाच गाण्यातल्या दोन ठळक जागा धरा, पहिला ड्रमचा ठोका आणि शेवटचा कॉर्ड म्हणा, आणि मधला वेळ मोजा. प्लेअरवर दिसणारी ट्रॅकची लांबी घेऊ नका, त्यात टाळ्या आणि ट्यूनिंग कमी-जास्त असतं. दहा मिनिटांच्या गाण्यात १८ सेकंदांचा फरक आला तर ३ टक्के. आता दोघांतलं खरं कुठलं हे बघायला ट्यूनर लावा आणि बासचा लांब धरलेला सूर पकडा. बँड स्वतः अगदी ४४० ला लावून बसला असेलच असं नाही, थोडं इकडे-तिकडे चालतं, पण सूर दोन स्वरांच्या बरोबर मध्ये लटकत असेल तर टेपच चुकलीय.

अधिकृत रिलीजचा एक फायदा इथं आहे. कॉर्नेलच्या २०१७ च्या रिलीजसाठी प्लँजंट नावाची पद्धत वापरली, त्यात मूळ रेकॉर्डिंगच्या वेळी टेपवर उमटलेला, कानाला न ऐकू येणारा बायस सिग्नल शोधून त्यावरून वेगाची लटपट क्षणाक्षणाला दुरुस्त करतात. म्हणून वेगासाठी मोजपट्टी हवी असेल तर अधिकृत रिलीज धरा.

७. एकच तुकडा घ्या आणि परत परत ऐका

आख्खा कॉन्सर्ट एकदा ह्यावर, एकदा त्यावर, असं केलंत तर दुसऱ्या वेळेला पहिलं विसरलेलं असतं. दोन-तीन मिनिटांचा तुकडा निवडा. पहिल्या सेटचं पहिलं गाणं नको, तेव्हा साउंडवाला अजून मिक्स लावत असतो आणि टेपरही लेव्हल खालीवर करत असतो.

कॉर्नेलमध्ये मी नवीन लोकांना दुसऱ्या सेटची सुरुवात सांगते. पुढच्या रांगेतले लोक चेंगरतायत म्हणून स्टेजवरून सगळ्यांना मागे सरका, एक पाऊल मागे घ्या असं सांगतात, आणि मग 'स्कार्लेट बेगोनियाज' सुरू होतं. हे बोलणं आधी एसबीडीवर ऐका, मग एयूडीवर. एसबीडीवर बोलणारा कानात बोलतो आणि गर्दी भिंतीपलीकडे असते. एयूडीवर तुम्ही त्या गर्दीत असता आणि बोलणारा लांब, हॉलच्या टोकाला. गाणं सुरू व्हायच्या आधीच दोन्ही सोर्सचा स्वभाव कळून जातो.

मग पुढे जा, 'स्कार्लेट' संपून 'फायर ऑन द माउंटन' सुरू होतं तो सांधा पकडा. एका फेरीत फक्त फिल लेशचा बास ऐका, 'फायर'ची ती दोन कॉर्डची झुलती चाल नेमकी कधी पक्की होते ते. दुसऱ्या फेरीत बॉब वीअरची गिटार, जी बहुतेक एयूडीत हरवते आणि चांगल्या एसबीडीत कळतं की हा माणूस कॉर्ड नुसते झोडत नाहीये, गार्सियाच्या मधल्या जागा भरतोय. तिसऱ्या फेरीत कीथ गॉडशॉचा पियानो, चौथ्यात दोन्ही ड्रमर डावी-उजवीकडे वेगळे ऐकू येतात की एकच गठ्ठा झालाय ते. एका फेरीला एकच वाद्य, हा नियम मोडू नका.

८. कट आणि पॅच

टेप संपली की बाजू बदलावी लागायची, तेवढ्यात गाण्याचा तुकडा गळायचा. नंतर कुणीतरी दुसऱ्या सोर्समधून तो भरून काढतं, त्याला पॅच म्हणतात, आणि टेक्स्ट फाइलीत मिनिट-सेकंदांसकट लिहिलेलं असतं. तुमचा तुलनेचा तुकडा पॅचमध्ये येत नाही ना एवढं बघून घ्या.

९. आता वेगवेगळ्या रात्री लावा

इथवर आलात की दुसरी तुलना सुरू करा, तेच गाणं, वेगळी रात्र. शक्यतो दोन्ही एकाच प्रकारच्या सोर्सवर घ्या.

बँडमध्ये त्या वर्षी कोण होतं हे माहीत नसेल तर तुलना आंधळी होते. गायक आणि ऑर्गनवाला पिगपेन १९७२ च्या मध्यापर्यंत, तेव्हा ब्लूजचा रंग जास्त. दोन ड्रमरांपैकी मिकी हार्ट फेब्रुवारी १९७१ ते ऑक्टोबर १९७४ नव्हता, म्हणजे एकटा बिल क्रॉइट्झमन, आणि त्यामुळे १९७२-७४ चं वाजवणं हलकं, चपळ, जॅझकडे झुकणारं. हार्ट परत आल्यावर १९७६-७७ मध्ये लय जड आणि डौलदार होते. १९७९ मध्ये कीथचा पियानो जाऊन ब्रेंट मिडलंडचा हॅमंड ऑर्गन आला, जुलै १९९० मध्ये तो वारल्यावर कीबोर्डवर विन्स वेल्निक. गार्सियाचा गळासुद्धा वर्षागणिक बदलतो, ८० च्या दशकाच्या मध्यात फार बसलेला, १९८६ च्या मोठ्या आजारपणानंतर १९८९-९० ला परत छान खुललेला. १९७२ च्या गाण्याला १९७७ च्या गाण्यापेक्षा ढिलं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही, लयीचा साचाच वेगळा आहे. आधी एकाच दौऱ्यातल्या दोन रात्री लावा, मग वर्षं ओलांडा.

आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला एक गोष्ट इथं कामाला येते, मात्रा मोजायची सवय. 'द इलेव्हन' अकरा मात्रांचं आहे, 'प्लेइंग इन द बँड' दहाचं, आणि हे योगायोगाने आलेलं नाही, मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांच्या तालाने भारावलेला होता. पुढे झाकीर हुसेन आणि तो दिगा ऱ्हिदम बँडमध्ये एकत्र वाजवत, त्यांच्या १९७६ च्या अल्बमवर जी एक रचना आहे तिच्यातूनच 'फायर ऑन द माउंटन' निघालं. 'प्लेइंग'च्या दोन रात्री लावा आणि दहाचं आवर्तन हातावर धरा, जॅममध्ये ते कधी सुटतं आणि किती वेळाने सगळे परत एकत्र येतात, ह्यात रात्रीरात्रीचा जो फरक दिसतो तो रेटिंगच्या ताऱ्यांत कुठंच दिसत नाही.

ताऱ्यांवरून आठवलं. रेकॉर्डिंगखालचे अभिप्राय बहुतेक वेळा त्या रात्रीबद्दल असतात, त्या टेपबद्दल नसतात. जिथं कुणी "दुसऱ्या सेटमध्ये डावा चॅनल पडतो" असं नेमकं लिहिलंय तेवढेच कामाचे.

१०. लिहून ठेवा

प्रत्येक वेळी एवढं तरी लिहा: तारीख आणि जागा, सोर्सचा प्रकार, फाइलीच्या नावातला आकडा (तो नाही लिहिला तर पुढच्या महिन्यात तेच रेकॉर्डिंग परत सापडत नाही), वेगात फरक किती, कट कुठे, आणि मग दोन वेगळे रकाने, एक टेपसाठी आणि एक वादनासाठी. हे दोन रकाने एकत्र करून एकच मार्क देऊ नका. माझ्या वहीत टेपला अगदी कमी आणि वादनाला सर्वात वरचे मार्क असलेल्या रात्री बऱ्याच आहेत, आणि कुणी विचारलं तर मी आधी त्याच सुचवते.

सराव कुठून करायचा म्हणाल तर कॉर्नेल आणि बफेलो झाल्यावर २७ ऑगस्ट १९७२, ऑरेगनमधलं व्हेनेटा, ह्याच्यात अर्ध्या तासाचं 'डार्क स्टार' आहे, ते १९६९ च्या फिलमोर वेस्टच्या शेजारी लावा. दोन्हींची अधिकृत रिलीज आहेत, त्यामुळे टेपची भानगड बाजूला राहते आणि फक्त वादनाचा रकाना भरायचा असतो. त्यानंतर २९ मार्च १९९०, नासाउ कोलिझियम, ब्रॅनफर्ड मार्सालिस सॅक्सोफोन घेऊन मध्येच येऊन बसतो ती रात्र, आणि ह्याचं एयूडी आणि अधिकृत रिलीज दोन्ही ऐका, सॅक्स कुठल्यात गर्दीच्या वर तरंगतो आणि कुठल्यात बँडच्या आत बसतो ते लिहून ठेवा.